किलोमीटर मोजायचे की टायर चाचपायचा?

जुनवानी ही भिलाईची वाढती कड. जी. ई. रोड सोडून नेहरूनगर, स्मृतिनगरच्या बाजूने आत वळलं की शंकराचार्यांच्या नावाची कॉलेजं, इस्पितळ, नव्या वसाहती, अर्धवट बांधकामं आणि वाटेतले गतिरोधक लागतात. इथल्या एका मराठी घरातला हा वाद. सासऱ्यांची सगळी नोकरी भिलाई पोलाद कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेली. जावई नागपूरला, मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करतो. सासऱ्यांची हॅचबॅक सत्तर हजार किलोमीटर चालली आहे, लग्नासाठी नागपूर गाठायचं आहे, आणि चारही शॉकअप बदलावेत की नाही यावर दोघांचं जमत नाही.

सासरे : माझं ठरलंय. सत्तर हजार झाले, चारही शॉकर बदलायचे. १९५९ साली इथली पहिली भट्टी पेटली, तेव्हापासून आम्ही भाग तुटायची वाट बघत बसलो असतो तर कारखाना चालला असता का? शटडाऊनची तारीख यायची, जुना भाग निघायचा, नवा बसायचा. विषय संपला.

जावई : पण बाबा, निघालेला भाग खरंच खराब होता का, हे कोणी तपासायचं का?

सासरे : शटडाऊनमध्ये तेवढी फुरसत कुणाला असते?

जावई : आमचं सगळं काम त्या तपासणीवरच उभं आहे. विमानांचंही आधी तुमच्यासारखंच चालायचं. इतके तास उडालं की काढा आणि ओव्हरहॉल करा. मग युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी बिघाडाच्या नोंदी धुंडाळल्या. १९७८ साली त्यांचा अहवाल निघाला. वय झालं की बिघाड वाढतो, असे भाग त्यांना जेमतेम ११ टक्के सापडले. उरलेल्या ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काही साधत नव्हतं. एकूण भागांपैकी ६८ टक्क्यांची तर गंमत अशी, की नवीन बसवल्यावर सुरुवातीलाच बिघडण्याचा धोका सगळ्यांत जास्त. म्हणून म्हणतो, नीट चालणारी वस्तू उगाच उघडू नये.

सासरे : अहवाल उत्तम आहे. पण शॉकर त्या ११ टक्क्यांतला की ८९ टक्क्यांतला, ते आधी सांगा.

जावई : झिजणाऱ्यांतला. ते नाकारत नाही. आत तेल आहे, सील आहे, बारीक झडपा आहेत, सतत वरखाली होणारा दांडा आहे. झिजणारच. पण ही झीज किलोमीटरच्या आकड्यावर चालत नाही. एक गाडी सत्तर हजार किलोमीटर हायवेने धावली, दुसरी तेवढीच जुनवानी ते सुपेला फिरली. मीटरवरचा आकडा एकच, शॉकअप मात्र एकसारखे नाहीत.

सासूबाई : शॉकर म्हणजे गाडीचं ओझं पेलतो, तोच ना?

जावई : नाही आई. ओझं स्प्रिंग पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगला आवरतो. बँकेच्या काचेच्या दाराला वर क्लोजर असतो, त्यामुळे दार धाडकन न आपटता हळू मिटतं. आत तेल बारीक वाटेने ढकललं जातं, म्हणून. शॉकअपमध्ये तेच घडतं. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि उसळायला बघते. पिस्टनला तेलातून वाट काढावी लागते, त्यात उसळीची ताकद खर्च होते आणि तिची उष्णता बनते.

सासरे : म्हणून गाडी एका बाजूने खाली बसलेली दिसली तर शॉकर बदलून ती वर येत नाही. तिथे स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असते. कितीतरी लोक या गल्लतीत पैसे घालवतात.

जावई : बरोबर. आता मला सांगा, आपली गाडी बसली आहे का? नाही. ठकठक आवाज आहे का? नाही. मग बदलायची घाई कशासाठी?

सासरे : आवाज! जावईबापू, तुमच्या विमानाला सेन्सर असतात. आमच्याकडेही पुढे पुढे मोठ्या मोटरच्या बेअरिंगवर कंपनं मोजायचं यंत्र लावायचे, आकडा चढला की बेअरिंग बदलायचं. तेव्हा मीही तारखेचा आग्रह सोडला. पण तिथे आकडा दाखवणारं यंत्र होतं. या गाडीत काय आहे? डॅशबोर्डवर तेलाचा दिवा आहे, इंजिनाचा आहे, हवेच्या पिशवीचा आहे. शॉकरचा दिवा आहे का? यंत्र म्हणजे काय, तर चालवणाऱ्याची पाठ. आणि पाठीला सवय होते. शॉकर एका रात्रीत मरत नाही. महिन्याला थोडा थोडा मरतो, आणि आपण महिन्याला थोडं थोडं त्याला सांभाळून घेतो. वळणावर आपोआप वेग कमी करतो, ब्रेक लवकर दाबतो. शेवटी म्हणतो, गाडी अगदी ठीक आहे.

सासूबाई : ठीक कुठे आहे? गेल्या खेपेला राजनांदगाव सोडल्यापासून मी मागे बसून सांगत होते. ब्रेकर ओलांडला की मागची सीट दोनदा-तीनदा हेलकावते. तुम्ही म्हणालात, रस्ताच तसा आहे.

जावई : बाबा, हे घ्या तुमचं यंत्र! रोज चालवणाऱ्याला जे जाणवत नाही ते मागे बसणाऱ्याला जाणवतं. दुसऱ्या कुणी चार महिन्यांनी ही गाडी हातात घेतली तर त्यालाही कळेल.

सासरे : ते सोडा. बॉनेटचा कोपरा दाबून बघू. दाबून सोडला, वर येऊन थांबला तर चांगला. झुलत राहिला तर गेला. माझ्या वडिलांनी अॅम्बेसेडर अशीच तपासली.

जावई : त्या परीक्षेत फक्त मेलेला शॉकअप नापास होतो, अर्धा मेलेला पास होऊन जातो. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा डोलतं. हाताने आपण तेवढंच डोलवतो. पण खडबडीत रस्त्यावर चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा थडथडतं. त्या वेगात झडपा काय करतात, हे तुमच्या हाताला कळणारच नाही. आणि अॅम्बेसेडरची गोष्ट वेगळी. तिला मागे पाटे होते. पाट्यावर पाटा घासूनही थोडी उसळी जिरायची. कॉइल स्प्रिंगला तसं काही नाही, तिची सगळी मदार शॉकअपवर.

सासरे : हे पटलं. म्हणजे आपण दोघेही आपापल्या ठिकाणी अर्धे चुकतोय. मी मीटर बघतो, तुम्ही आवाजाची वाट बघता. शॉकर बऱ्याचदा आवाज न करताच जातो.

जावई : आवाज करतात ते बहुतेक वेळा त्याचे शेजारी. लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, वरचा माउंट. खड्ड्यात खटखट झाली म्हणून शॉकअप बदलला आणि खटखट तशीच राहिली, असं गॅरेजमध्ये नेहमी घडतं. स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवताना कटकट आली किंवा स्प्रिंग उडी मारल्यासारखी सरकली, तर वरच्या माउंटचं बेअरिंग आधी बघावं.

सासरे : मग चला अंगणात. गाडी जॅकवर घेऊ. जॅकच्या भरवशावर खाली कुणी शिरायचं नाही. स्टँड लावा, हँडब्रेक ओढा, खालच्या चाकांना वीट लावा.

जावई : आधी टायर. तळहात टायरवरून पुढे फिरवा, मग उलटा फिरवा. सांभाळून, तार बाहेर आली असेल तर बोट कापेल. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. पण ठरावीक अंतराने खळगा, उंचवटा, खळगा असं लागलं तर चाक रस्त्यावर सलग टेकत नव्हतं, उड्या मारत होतं. शॉकअप दमला, नाहीतर चाकाचं बॅलन्सिंग गेलं.

सासरे : पुढचे दोन्ही सारखे लागतायत. मागचा डावा... अहो, इथे खळगे आहेत.

जावई : आता तिथला शॉकअप बघू. वरती सीलजवळ धूळ चिकटून तेलकट थर दिसला तर घाबरायचं कारण नाही. दांडा आत-बाहेर होताना तेलाचा पातळ हात सोबत आणतोच, सील ओलं राहायला ते लागतं. पण तेल ओघळून नळीच्या खालच्या टोकापर्यंत आलं असेल तर विषय संपला.

सासरे : डावा खालपर्यंत ओला आहे. उजवा कोरडा. हे बघा, डाव्याचं रबरी डस्ट कव्हर फाटलंय.

जावई : तिथेच सुरुवात झाली. कव्हर फाटलं की मुरमाची धूळ थेट चकचकीत दांड्यावर बसते. दांडा आत जाताना ती सील खरवडते. सील गेलं, तेल गेलं. आत तेल कमी पडलं की तिथे फेस आणि हवा. हवेतून पिस्टन बिनविरोध सरकतो.

सासरे : मघाशी तुम्ही उष्णतेचं म्हणालात. आम्ही गिअरबॉक्स हात लावून ओळखायचो. शॉकरचं तसं होतं का?

जावई : होतं. अर्धा तास खराब रस्त्याने फिरून आलं की एका जोडीच्या डाव्या-उजव्याला हात लावून बघायचा. एक कोमट आणि दुसरा थंड असला तर थंड आहे तो काम करत नाही. त्याने उसळी जिरवलीच नाही, तर गरम कशाने होणार? सायलेन्सरपासून हात दूर ठेवायचा एवढंच.

सासूबाई : मागचा एक गेलाय म्हणता, तरी गाडी चालतेच आहे की. थोडे धक्के बसतात, बसू देत. एवढा खर्च कशाला?

सासरे : इथेच लोक फसतात. शॉकर आरामाचा भाग वाटतो. खरं तर तो पकडीचा भाग आहे. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतं ते चाक आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. चाक हवेत असेल तेवढा वेळ घर्षण कुठलं?

जावई : आणि एबीएस असलं म्हणून सुटका नाही. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या मोटारींना ते बंधनकारक आहे. चाक जाम होतंय असं दिसलं की एबीएस ब्रेक ढिला करतं. उड्या मारणारं चाक हवेत लगेच जाम होतं, एबीएस पुन्हा पुन्हा ब्रेक सोडतं आणि गाडी लांब जाऊन थांबते. देवरी ते साकोलीच्या जंगलपट्ट्यात रात्री एखादं जनावर आडवं आलं तर ते वाढीव अंतर फार महाग पडतं. शिवाय लग्नाचं सामान, पाच माणसं, मागे हेलकावणारा डोलारा. नाक वर उचललं की आपले दिवे समोरच्याच्या डोळ्यांत.

सासरे : म्हणजे माझंच खरं! बदला चारही.

जावई : नाही बाबा. मागचे दोन. दोन, कारण शॉकअप नेहमी एका आसाच्या जोडीने बदलायचे. डावा नवा कडक, उजवा जुना मऊ, असं झालं तर जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर दोन्ही बाजू वेगळं वागतात. पुढचे टायर सारखे झिजलेत, दांडे कोरडे आहेत, कव्हर शाबूत आहेत. ते आज का काढायचे?

सासरे : कारण गाडी एकदा उघडलीच आहे.

जावई : मागे आणि पुढे यांत फार फरक आहे. मागे शॉकअप वेगळा, स्प्रिंग वेगळी. वरखाली बोल्ट, तासाभराचं काम. पुढे स्ट्रट आहे. स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा खांब, तिन्ही मिळून एकच वस्तू. अमेरिकेतल्या अर्ल मॅकफर्सनची ही युक्ती. त्याचं नाव लागलेला हा स्ट्रट फोर्डने १९५० साली इंग्लंडात जाहीर केलेल्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत आला. आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते, आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांत तेच असतात. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. पण चाक किती उभं, किती तिरकं, हे स्ट्रट ठरवतो. तो काढला की व्हील अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते.

सासरे : आणि त्यातली स्प्रिंग दबलेली असते. तिच्याबद्दल मी बोलतो, कारण हा माझा प्रांत. तिच्यात माणूस मारण्याइतकी ताकद कोंडलेली असते. कंप्रेसर लावून तिला आवळल्याशिवाय वरचा मधला नट सोडला तर स्प्रिंग, प्लेट आणि नट मिळून तोंडावर येतात. तारेने बांधून, दोरीने करकचून काम भागवणारे मिस्त्री असतात. त्यांच्याजवळ उभंही राहू नये.

जावई : मी त्यात एक जोडतो. नट सोडताना दांडा गरगर फिरतो म्हणून काही जण तो ग्रिप पान्ह्यात धरतात. चकचकीत मुलाम्यावर ओरखडा पडला की नवं सील काही दिवसांत फाटतं. नवा भाग पहिल्याच महिन्यात गळायला लागला की दोष कंपनीला, खरं कारण पान्ह्याचे दात. अहवालातल्या त्या ६८ टक्क्यांत हेच असतं. बिघाड बऱ्याचदा बसवणाऱ्याच्या हाताने येतो.

सासरे : हा मुद्दा मी नोंदवून ठेवतो. उगाच उघडलेलं काम हाही एक धोका. पण पुढचा स्ट्रट खराब निघेल तेव्हा वरचा माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर सगळं नवीन घालायचं. त्यात काटकसर नको. स्ट्रट काढायची मजुरी एकदा दिली की दिली. सहा महिन्यांनी माउंट गेला तर तीच मजुरी पुन्हा.

जावई : शंभर टक्के मान्य. मागे बसवतानाही दोन गोष्टी. नवा शॉकअप खोक्यात आडवा पडलेला असतो, आतली हवा भलत्या ठिकाणी गेलेली असते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-सहा वेळा हळू दाबायचा आणि ओढायचा. दुसरं, रबरी बुश असलेला बोल्ट चाक हवेत लटकत असताना शेवटचा आवळायचा नाही. गाडीचं वजन चाकावर आल्यावर आवळायचा. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

सासूबाई : गल्लीतला मिस्त्री म्हणत होता, जुन्यातच तेल भरून देतो, निम्म्याहून कमी पैशांत.

सासरे : मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये तेल बदलता येतं, तो उघडायच्या हिशेबानेच बनवलेला असतो. मोटारीचा शॉकर बहुधा बंद करून टाकलेला. त्याला भोक पाडून तेल भरायचं आणि वेल्डिंगने बुजवायचं, म्हणजे वेल्डिंगच्या धगीने सील जाळायचं. आत वायूचा दाब असला तर भोक पाडणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकतं.

जावई : तसाच तो स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घुसवायचा रबरी बफर. गाडी उंच होते, खाली घासत नाही, लोक खूश. पण स्प्रिंग कडक झाली की तिची उसळीही वाढते, आणि ती आवरायचं काम त्याच दमलेल्या शॉकअपकडे. आजार झाकला जातो, बरा होत नाही.

सासरे : आणि भाग घेताना बिल. पक्कं. गॅब्रिएल ही १९६१ साली मुंबईत सुरू झालेली आपली जुनी कंपनी, चाकणला आणि नाशिकला तिचे कारखाने आहेत. ज्या नावाला बाजारात मान, त्याचीच नक्कल निघते. भाग क्रमांक गाडीच्या मॉडेलशी जुळवा, खोक्यावरचं सील बघा, विक्रेता अधिकृत आहे का विचारा. कोणाचं नाव आहे यापेक्षा माल अस्सल आहे का, हे मोठं.

जावई : बाबा, एक विचारू? सत्तर हजार हा आकडा आणला कुठून?

सासरे : कुठूनसा ऐकलेला.

जावई : शॉकअप बनवणाऱ्या काही कंपन्या ८० हजार सांगतात. गाड्या बनवणाऱ्यांच्या देखभालीच्या तक्त्यात मात्र शॉकअपसमोर बहुधा ‘तपासा’ एवढंच लिहिलेलं असतं.

सासरे : मग त्या ‘तपासा’ला तारीख द्या. तुम्ही तपासणीवाले लोक तपासणीलाच तारीख देत नाही, आणि मग ती कधी होतच नाही.

जावई : देतो. दर दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदलायला गाडी वर चढतेच. त्या वेळी चारही शॉकअप, कव्हर आणि बुश बघायचे. लांबच्या प्रवासाआधी पुन्हा एकदा. ८० हजारांनंतर प्रत्येक सर्व्हिसला.

सासरे : मंजूर. बदलण्याची तारीख मी सोडली, तपासण्याची तुम्ही धरली. पण या गतिरोधकांचं काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा गोल. वसाहतींच्या फाटकाशी जे आहे ते हातभर रुंद आणि वितभर उंच. तिथे शॉकर किती दिवस टिकणार?

जावई : चढताना ब्रेक दाबलेला ठेवू नका. आधी वेग कमी करा आणि पुढचं चाक चढायच्या क्षणी पाय सोडा. ब्रेक दाबलेला असला की नाक आधीच खाली झुकलेलं असतं. स्ट्रटला दबायला जागाच उरत नाही आणि दणका थेट बंप स्टॉपवर बसतो.

वाद इथे मिटला, आणि दोघांपैकी कुणीच पूर्ण जिंकलं नाही. मागचे दोन शॉकअप बदलायचे ठरले, पुढचे स्ट्रट राहिले. लेखकाचा कौल असा, की मीटरवरच्या आकड्याला शरण जाऊन चारही बदलणं हा पैशांचा अपव्यय आहे आणि खटखट ऐकू येईपर्यंत थांबणं हा जिवाशी खेळ आहे. वाचकांनी पुढच्या लांबच्या प्रवासाआधी चार गोष्टी कराव्यात. टायरवर दोन्ही दिशांनी हात फिरवावा. नळीवर ओघळलेलं तेल आणि फाटलेलं कव्हर शोधावं. मागे बसणाऱ्याला गाडी कशी वाटते ते विचारावं. आणि रोज ही गाडी न चालवणाऱ्या कुणाला तरी एक फेरी मारायला द्यावी. दोष सापडला तर जोडी बदलावी, पुढची असेल तर माउंटसह, आणि नंतर अलाइनमेंट करून घ्यावी. ज्या गॅरेजमध्ये स्प्रिंग कंप्रेसर नाही, तिथे स्ट्रट उघडू देऊ नये.